शंखवाली आणि बिनशंखाची: गोगलगाय आणि स्लगमध्ये नेमका फरक काय?

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय. लोकलमध्ये, एसटीत किंवा नेटवर्क नसलेल्या ठिकाणी ऐकता येत नसेल तर निवांत वाचा.)

पावसाळा सुरू झालाय, कपडे वाळत नाहीयेत, आणि आपल्या इनबॉक्समध्ये दरवर्षीप्रमाणे किड्या-मुंग्यांचे प्रश्न यायला लागलेत. आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुरू झाला. एका ऐकणाऱ्या मैत्रिणीने विचारलंय, “आमच्या बाथरूममध्ये रात्री एक काळी, चपटी, बुळबुळीत गोगलगाय येते. तिला शंखच नाहीये. तिचा शंख हरवलाय का? की ती पिल्लू आहे, आणि मोठी झाल्यावर तिला शंख येईल?”

प्रश्न ऐकून मी आधी हसले. मग लक्षात आलं, की शाळेत असताना मलाही अगदी हेच वाटायचं. शंखवाली गोगलगाय घर सोडून फिरायला निघाली की तिची बिनशंखाची होते, अशी माझी थिअरी होती. उत्तर एका वाक्यात देता येईल: नाही, शंख हरवलेला नाही आणि पुढे येणारही नाही. पण एवढंच सांगून मी भाग संपवणार नाहीये. कारण ‘शंख आहे की नाही’ या एका फरकामुळे माझ्या मामांचं अख्खं सोयाबीन गेलं होतं. तो किस्सा आधी सांगते.

माझी रील आणि मामांचं शेत

जुलै २०२२. मी पुण्यात, नोकरीला. शनिवारी आम्ही मित्रमंडळी ताम्हिणी घाटात गेलो होतो. पाऊस, धुकं, भजी, सगळं नेहमीचं. रस्त्याच्या कडेला एका ओल्या दगडावर गोगलगाय चालली होती. मी तिची रील केली, मागे शांत गाणं लावलं आणि कॅप्शन टाकलं: ‘स्लो लाइफ’. बऱ्यापैकी लाइक्स आले.

रात्री मामेभावाचा रिप्लाय आला. तो लातूर जिल्ह्यात असतो, मामांबरोबर शेती बघतो. त्याने एक फोटो पाठवला होता. प्लास्टिकची बादली, आणि ती काठोकाठ मोठ्या तपकिरी शंखांनी भरलेली. खाली लिहिलं होतं, “ताई, तुझी स्लो लाइफ आमच्या शेतात पण आलीय. आजची ही तिसरी बादली.”

मी लगेच फोन केला. मामा म्हणाले, “अगं, पेरलं, चांगलं उगवलं. संध्याकाळी बघून आलो तर तासं कशी हिरवीगार दिसत होती. सकाळी गेलो तर तासच्या तास गायब. पोरी, रात्रीतनं कुणी कात्रीनं कापल्यागत.”

त्या वर्षी लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन खाऊन टाकलं होतं. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. काहींची दुबारही गेली. बियाण्याची बॅग, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून. मी माझी रील डिलीट केली नाही, पण कॅप्शन मात्र काढून टाकलं.

आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. गोगलगाय ओलाव्यात राहणारा प्राणी. आणि लातूर म्हणजे तोच जिल्हा, जिथे २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. जिथे माणसांना पाणी पुरत नाही, तिथे हा अंगभर ओला असणारा प्राणी उन्हाळा काढतो कसा? कोकणात, घाटात धो धो पाऊस पडतो. तिथे गोगलगायी असणं समजू शकतं. पण मराठवाड्यात?

या प्रश्नाचं उत्तर आणि बाथरूममधल्या बिनशंखाच्या पाहुणीचं उत्तर, दोन्ही एकच आहेत.

पोटात पाय

आधी दोघींमध्ये सारखं काय ते बघू. इंग्रजीत शंखवालीला ‘स्नेल’ आणि बिनशंखाचीला ‘स्लग’ म्हणतात. मराठीत आपण दोघींनाही गोगलगायच म्हणतो. शेतीवाले लोक फरक करायचा झाला तर पहिलीला ‘शंखी गोगलगाय’ म्हणतात. मी या भागात सोयीसाठी ‘शंखी’ आणि ‘स्लग’ असं म्हणणार आहे.

आपल्याकडे म्हण आहे ना, ‘गोगलगाय आणि पोटात पाय’? वरून गरीब, साधा दिसणारा आणि आतून भलताच असणारा माणूस असला की त्याला हे म्हणतात. आता गंमत बघा. शास्त्रज्ञ या प्राण्यांच्या गटाला ‘गॅस्ट्रोपॉड’ म्हणतात. ग्रीक भाषेत गॅस्टर म्हणजे पोट आणि पॉड म्हणजे पाय. थोडक्यात, पोटात पाय! आपल्या आजीची म्हण आणि जीवशास्त्राचं पुस्तक इथे एकाच गोष्टीवर सही करतात.

हा पाय म्हणजे पोटाखालचा एक लांब, सपाट स्नायू. त्यावरून लहरी सरकत जातात आणि प्राणी पुढे जातो. खाली चिकट द्रवाचा रस्ता अंथरत जायचं आणि त्यावरून घसरायचं. सकाळी फरशीवर जी चकाकणारी रेघ दिसते, ती हीच.

डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या. वरच्या लांब शिंगांच्या टोकाला डोळे, खालच्या आखूड शिंगांनी वास आणि चव घ्यायची. तोंडात एक खरखरीत पट्टी असते, तिच्यावर हजारो सूक्ष्म दात असतात. कानसीने लाकूड घासावं तसं ती पान घासून खाते. श्वास घ्यायला अंगाच्या बाजूला एक छोटं छिद्र असतं. ते उघडतं, बंद होतं. बहुतेकींमध्ये ते उजव्या बाजूला दिसतं. पुढच्या वेळी झूम करून बघा.

आणखी एक. जमिनीवरच्या जवळजवळ सगळ्या शंखी आणि स्लग उभयलिंगी असतात. एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही. म्हणजे दोघी भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात. हे लक्षात ठेवा, पुढे शेताच्या गणितात लागणार आहे.

तर डोळे तेच, दात तेच, पाय तोच, चिकटपणा तोच. मग फरक फक्त पाठीवरच्या डब्याचा? हो. पण तो डबा नेमका काय आहे, ते बघायला पाहिजे.

शंख काढून ठेवता येत नाही

आपण शंखाला ‘घर’ म्हणतो आणि तिथेच गडबड होते. घर म्हटलं की वाटतं, ती बाहेर जाऊ शकते, दुसरं भाड्याने घेऊ शकते. तसं करणारा प्राणी वेगळा, तो समुद्रावरचा शंखातला खेकडा. तो खरंच रिकामे शंख शोधून बदलत राहतो.

गोगलगायीचा शंख तिच्या शरीराचाच भाग असतो. आत मधल्या खांबाला तिचा स्नायू घट्ट जोडलेला असतो. अंड्यातून बाहेर येतानाच ती छोटासा, पातळ शंख घेऊन येते. पुढे ती वाढते तसा शंखाच्या तोंडाशी नवा थर चढत जातो आणि वेटोळी वाढत जातात. शंखाचं टोक म्हणजे तिचं बाळपण, आणि तोंडाची कड म्हणजे कालपरवाची वाढ. तिला ओढून बाहेर काढलं तर ती स्लग होत नाही, मरते. आपलं नख ओढून काढलं तर आपण दुसरा प्राणी होतो का? तसंच.

हा शंख बनतो कॅल्शियम कार्बोनेटचा. खडूत आणि चुनखडीत असतो तोच पदार्थ. म्हणजे शंखीला आयुष्यभर कॅल्शियम मिळवत राहावं लागतं. मातीतून, पानांतून, जुन्या शंखांतून, आणि हो, भिंतीतूनही. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी घराच्या भिंतींचं प्लास्टर खरवडून खाताना दिसतात. पावसाळ्यात चुन्याच्या भिंतीवर त्या का चिकटलेल्या असतात, याचं एक कारण हे.

कॅल्शियम नसेल तर काय होतं, त्याचं एक उदाहरण नेदरलँड्समधलं आहे. तिथल्या काही जंगलांत आम्लयुक्त पावसाने मातीतलं कॅल्शियम कमी झालं. शंखी गोगलगायी कमी झाल्या. मग त्यांचे शंख खाऊन कॅल्शियम मिळवणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटायला लागली. हा अभ्यास १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला होता. म्हणजे शंख ही किती महागडी वस्तू आहे बघा.

मग स्लगने शंख सोडला का?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. स्लगचे पूर्वज शंखवालेच होते. लाखो वर्षांत, पिढ्यानपिढ्या, शंख लहान होत गेला. काहींमध्ये तो पूर्ण गेला. काहींमध्ये अजूनही पाठीच्या कातडीखाली एक छोटी पांढरी चकती शिल्लक आहे, बाहेरून दिसत नाही एवढंच.

आणि हे एकदाच घडलेलं नाही. जगात वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या घराण्यांतल्या गोगलगायींनी स्वतंत्रपणे शंख सोडलाय. म्हणून ‘स्लग’ हे एका कुटुंबाचं आडनाव नाही, ती एक राहण्याची पद्धत आहे. बाथरूममध्ये येणारी काळी, चपटी, चामड्यासारख्या अंगाची जी आहे ना, ती युरोपातल्या बागांमधल्या स्लगची जवळची बहीण नाही. दोघी वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचल्यात.

या वाटेवर मध्येच असलेल्या गोगलगायीही आहेत, आणि त्यासाठी आपल्याला लांब जायला नको. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत अशी एक जात सापडली आणि २०२१ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. नाव, ‘वरदिया आंबोलिएन्सिस’. आंबोली गावावरून दुसरा शब्द, आणि पहिला शब्द सरीसृपांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांच्या नावावरून. तिला शंख आहे, पण इतका छोटा की ती पूर्ण आत शिरूच शकत नाही. अशांना ‘सेमी-स्लग’ म्हणतात, अर्धी-स्लग म्हणा. म्हणजे पावसात छोट्या मुलाची छत्री घेऊन निघालेल्या मोठ्या माणसासारखी तिची अवस्था.

आता, एवढं उपयोगी कवच सोडून काय मिळतं? बरंच काही. कॅल्शियम शोधत बसायला नको, त्यामुळे चुना कमी असलेल्या आम्लधर्मी जमिनीतही राहता येतं. वजन वाहायला नको. आणि सगळ्यात मोठा फायदा, कुठल्याही फटीत शिरता येतं. सालीखाली, दगडाखाली, मातीच्या भेगेत, तुमच्या बाथरूमच्या जाळीतून. शंखी दाराशी अडकते तिथे स्लग पातळ होऊन आत निघून जाते.

बिल भरावं लागतं पाण्याने

पण फुकट काहीच मिळत नाही. स्लगच्या अंगाचा सुमारे ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त भाग पाणी असतो, आणि तिची कातडी हे पाणी धरून ठेवायला फारशी चांगली नाही. आपली त्वचा रेनकोटसारखी असेल, तर तिची ओल्या टॉवेलसारखी. ऊन पडलं, वारा सुटला की पाणी उडून जायला लागतं. वर चालायलाही चिकट द्रव लागतो, आणि तोही मुख्यतः पाण्याचाच.

म्हणून स्लग दिवसा दिसत नाही. ती रात्री, पावसात किंवा दव पडल्यावर बाहेर येते. कोरडे दिवस आले की खोल, ओल्या मातीत जाते. आजूबाजूला ओल असलेली जागा मिळणं हाच तिचा आधार. तीच मिळाली नाही तर संपलं.

इथे मला एक कबुली द्यायचीय. लहानपणी मी बाथरूममधल्या स्लगवर मीठ टाकलंय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टाकलं असेल. बाहेर मीठ जास्त झालं की अंगातलं पाणी कातडीतून बाहेर ओढलं जातं. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तेच. फक्त इथे फोड जिवंत असते. ती वाचण्यासाठी आणखी चिकट द्रव सोडते आणि त्यात उरलेलं पाणीही घालवते. तेव्हा मला ती जादू वाटायची. आज वाटतं, कागदाच्या तुकड्यावर उचलून बाहेर कुंडीजवळ ठेवली असती तर दहा सेकंदांचं काम होतं.

आता शंखी कोरड्या दिवसांत काय करते? ती आत शिरते, आणि शंखाच्या तोंडावर चिकट द्रवाचा पडदा तयार करते. तो वाळून पातळ, पांढरट झाकणासारखा होतो. आतलं पाणी आत राहतं. शरीराची सगळी कामं अगदी मंद होतात. खाणं नाही, चालणं नाही. अशी ती महिनोन् महिने झोपू शकते. पहिला चांगला पाऊस पडला, ओल आत पोचली की पडदा फोडून बाहेर.

मला वाटतं, शंखाला घर म्हणण्यापेक्षा झाकणाची पाण्याची टाकी म्हणावं. आणि टाकी कुठे जास्त लागते? जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे.

लातूरचं कोडं

बघा, उत्तर आलं की नाही? मराठवाड्याचा लांब, कोरडा उन्हाळा साध्या स्लगला झेपणं फार अवघड. पण शंखीला झेपतो. ती बांधाच्या कडेला, दगडाखाली, पालापाचोळ्यात, मातीत तोंड बंद करून पडून राहते. वरून शेत कोरडंठाक, नांगरलेलं, काहीही नसल्यासारखं. जूनमध्ये पाऊस येतो. शेतकरी पेरणी करतो. आणि ज्या पावसाने सोयाबीन उगवतं, त्याच पावसाने शंखी जागी होते. कित्येक महिन्यांची उपाशी, आणि समोर रांगेत लावलेली कोवळी रोपं. मामांच्या भाषेत, “आपणच ताट वाढून ठेवलं होतं.”

मराठवाड्यात आलेली ही जात आपली नव्हेच. ती मोठी आफ्रिकन गोगलगाय, मूळची पूर्व आफ्रिकेतली. साधारण हाताच्या तळव्याएवढा शंख, मोठ्यात मोठा २० सेंटीमीटरपर्यंत. भारतात ती कशी आली हे बऱ्यापैकी माहीत आहे. विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकाने १८४७ मध्ये मॉरिशसहून काही गोगलगायी आणल्या आणि कोलकात्यातल्या बागेत सोडल्या. पुढे रोपं, माती, कुंड्या, सामान यांच्याबरोबर ती देशभर पसरत गेली.

आता ते उभयलिंगीचं गणित. ही एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालू शकते, वर्षाला सुमारे १,२०० पर्यंत. एकदा जोडीदार भेटला की त्याचं बीज साठवून ठेवून पुढे कित्येक महिने अंडी घालता येतात. अमेरिकेतला एक किस्सा आहे. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून मायामीला फक्त तीन गोगलगायी आणल्या. आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांनी तिथे १८,००० पेक्षा जास्त सापडल्या. त्या संपवायला सुमारे १० वर्षं आणि १० लाख डॉलर लागले. तीन गोगलगायी, बरं का!

मग करायचं काय?

आपल्या ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण गावाशी जोडलेले आहेत, म्हणून हे थोडं सविस्तर सांगते. हे सगळं आतापर्यंत जे बोललो त्यातूनच येतं.

पहिलं, ती कुठे झोपते ते माहीत असेल तर तिथेच गाठा. पेरणीआधी बांध साफ करणं, दगड आणि पालापाचोळ्याचे ढीग हलवणं, उन्हाळ्यात खोल नांगरट करून अंडी आणि झोपलेल्या गोगलगायी उन्हात उघड्या पाडणं. टाकी फुटली की पाणी गेलं.

दुसरं, तिला ओल आणि लपायला जागा हवी असते, तर तीच तिचा सापळा करा. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानं शेतात ठिकठिकाणी टाकायची. रात्री खाऊन त्या सकाळी बारदानाखाली जमतात. सूर्य वर यायच्या आत गोळा करायच्या, आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ बादलीत, शेतात नाही! शेतात मीठ टाकलं तर गोगलगायीबरोबर जमिनीचंही वाटोळं. बांधाच्या कडेने कोरड्या चुन्याचा पट्टा टाकतात, तोही चालतो. पण पाऊस आला की तो धुऊन जातो, पुन्हा टाकावा लागतो.

तिसरं, मेटाल्डिहाइडच्या गोळ्या. दुकानात मिळतात, काम करतात. पण कुत्र्याने, कोंबडीने किंवा गुरांनी खाल्ल्या तर त्यांच्याही जिवावर बेततं. ब्रिटनमध्ये तर पक्षी आणि इतर प्राण्यांना असलेल्या धोक्यामुळे २०२२ पासून बाहेर मोकळ्यावर त्या वापरायला बंदी आहे. आपल्याकडे वापरायच्याच झाल्या तर कृषी सहायकाला विचारून, पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच, आणि जनावरं-पोरं लांब ठेवून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे एकट्याचं काम नाही. मामांनी पहिल्या आठवड्यात स्वतःचं शेत रोज साफ केलं. पण शेजारच्या पडीक तुकड्यातून रोज रात्री नव्या यायच्या. शेवटी गल्लीतली सात-आठ घरं एकत्र आली, पहाटे बॅटऱ्या आणि बादल्या घेऊन सगळ्यांचे बांध एकदम धरले, तेव्हा कुठे फरक पडला. दुबार पेरणीतलं अर्ध्याहून थोडं जास्त वाचलं.

हात लावताना, खाताना

हा भाग लहान आहे पण झोपेत असाल तर जागे व्हा. शंखी असो की स्लग, दोघींच्याही अंगात एक बारीक जंत असू शकतो. तो मुळात उंदरांच्या फुप्फुसातला. उंदराच्या विष्ठेतून तो गोगलगायीत जातो. माणसाच्या पोटात गेला तर मेंदूपर्यंत पोचून तिथे सूज आणू शकतो. २०१० मध्ये सिडनीत १९ वर्षांच्या एका मुलाने मित्रांच्या पैजेवर एक स्लग गिळली. तो एक वर्षाहून जास्त काळ कोमात होता, नंतर त्याचं शरीर लुळं पडलं, आणि २०१८ मध्ये तो गेला. एका चॅलेंजपायी.

म्हणून रीलसाठी असलं काहीही करू नका. गोळा करताना हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा, नंतर साबणाने हात धुवा. पावसाळ्यात कोथिंबीर, पालक, मेथी एकेक पान सुटं करून वाहत्या पाण्यात धुवा. छोटी स्लग पानाच्या देठाशी बसलेली सहज दिसत नाही.

सगळ्याच शत्रू नाहीत

मामांचा किस्सा ऐकून कुणी उद्या दिसेल ती गोगलगाय चिरडायला निघेल, म्हणून शेवटी हे.

आफ्रिकन गोगलगायीचा बंदोबस्त करायला पॅसिफिक महासागरातल्या मूरिया बेटावर १९७७ मध्ये दुसरी एक गोगलगाय आणून सोडली, जी इतर गोगलगायींना खाते. कल्पना भारी वाटते ना? पण तिने आफ्रिकनला फारसा हात लावला नाही. तिने तिथल्या छोट्या, फक्त तिथेच असणाऱ्या ‘पार्टुला’ गोगलगायी खाल्ल्या. दहा-बारा वर्षांत त्या बेटावरच्या जंगलातून नाहीशा झाल्या. काही जाती प्राणिसंग्रहालयात जपून ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या.

आपल्या सह्याद्रीतही अशा कितीतरी जाती आहेत, ज्या सोयाबीनच्या वाटेलाही जात नाहीत. सडलेली पानं, बुरशी, शेवाळ खातात आणि जंगलाची माती तयार करायला मदत करतात. आंबोलीची ती छोट्या छत्रीवाली त्यांपैकीच, सह्याद्रीतली. आणि दरवर्षी मे-जूनमध्ये तुम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला जाता ना? बऱ्याच काजव्यांच्या अळ्या गोगलगायी आणि स्लग खाऊनच मोठ्या होतात. झाडावरची ती रोषणाई या बुळबुळीत प्राण्यांच्या जिवावर उभी आहे.

तर, व्हॉइस नोट पाठवणाऱ्या मैत्रिणीला उत्तर: तुझ्या बाथरूममधल्या पाहुणीचं काहीही हरवलेलं नाही. तिच्या पूर्वजांनी पाण्याची टाकी सोडून फटीत शिरण्याची मोकळीक घेतली. म्हणूनच ती ओल शोधत तुझ्याकडे येते. तिला कागदावर उचल, बाहेर ठेव, हात धू. आणि तुझ्या गावाकडे शेत असेल, तर पेरणीआधी एकदा बांधावरचे दगड उचलून बघायला सांग. तिथे कुणीतरी दार लावून पावसाची वाट बघत असेल.

गेल्या आठवड्यात मामांना फोन केला होता. विचारलं, “मामा, यंदा काय?” ते म्हणाले, “पहिल्या पावसाला सगळे बाहेर पडलो होतो, बादल्या घेऊन. यंदा एकच बादली भरली. तू ये की, तुझी ती रील काढ.”

जाणार आहे. कॅप्शन अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर पाठवा, आणि तुमच्या घरात, शेतात कोणती दिसते, शंखी की स्लग, त्याचा फोटोही पाठवा. हात न लावता काढलेला!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, भाज्या धुऊन खा. बाय!